चूक दाखवणार कोण?

हौशी : बाई, आधी माझं म्हणणं मांडतो, मग तुम्ही हव्या तेवढ्या चुका काढा. गणित, भौतिकशास्त्र आणि परकी भाषा शिकायची रीत एकच असते. निवृत्तीनंतर तिन्ही एकदम हातात घेतली म्हणून हे माझ्या ध्यानात आलं. सकाळी कलनाची उदाहरणं, दुपारी न्यूटन आणि संध्याकाळी जर्मनचा वर्ग. पुण्यात त्या वर्गांना काही तोटा नाही. तिन्हीकडे माझं तेच चालतं. आधी न कळता कानावर पडू द्यायचं, मग तोंडाने म्हणायचं, हाताने गिरवायचं. पुढे कधीतरी लक्षात येतं की आता अर्थ विचारायची गरजच पडत नाही. मायबोली आपण अशीच शिकलो. कुठल्या आईने पोराला आधी व्याकरण शिकवलं आणि मग बोलू दिलं? 'तिने आंबा खाल्ला' आणि 'तिने चिंच खाल्ली'. खाणारी तीच, पण क्रियापद फिरतं ते खाल्लेल्या फळाच्या लिंगाप्रमाणे. चार वर्षांचं पोर हे सहज बोलतं, आणि दहावीतल्या पोराला हा प्रयोग कोणता म्हणून विचारलं तर ते छताकडे बघतं. म्हणजे सवय आधी, नियम मागाहून. गणितात मात्र आपण कारणं आधी पाजतो आणि मग पोरं पळाली की नवल करतो.

शंकेखोर : शाळेत कारणं आधी पाजतात ही बातमीच आहे. मी इतकी वर्षं शिकवलं, मला तरी शाळांमधून कारणांचा दुष्काळच दिसला. ते असो. तुमच्या चार वर्षांच्या पोराकडे वळू. ते चार वर्षांचं असताना सहज बोलतं, पण दोन-अडीच वर्षांचं असताना काय बोलत होतं? 'मी करलं.' 'बाबा जाला.' मराठी घरात 'करलं' कोणी म्हणत नाही, मग ते त्याच्या कानावर पडलं कुठून? कुठूनच नाही. धर-धरलं, भर-भरलं, मार-मारलं हे ऐकून त्याने आपला आपण एक नियम काढला आणि 'कर'ला लावून टाकला. तर्क अगदी चोख आहे, वाकडी आहे ती मराठी. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकी अभ्यासक बाईंनी मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला 'वग' असं बनावट नाव दिलं, आणि असे दोन असले तर काय म्हणायचं ते विचारलं. जन्मात न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बहुतेक मुलांनी बरोबर केलं. तेव्हा भाषासुद्धा नुसत्या सवयीने येते हे मला मान्य नाही. पोर आतल्या आत नियम घडवत असतं.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. पोर 'करलं' म्हणालं तर काय बिघडतं? आईला कळतं, ती हसते, 'केलंस का? शाब्बास' म्हणते आणि काम पुढे जातं. भाषा चूक पोटात घालते. तुमच्या जर्मनमध्ये लिंग चुकलं तरी दुकानदार पाव देतोच. गणितात दुसऱ्या ओळीत एक चिन्ह चुकलं तर पुढच्या बारा ओळी वाया जातात, आणि चुकलेली ओळ कागदावर बरोबर ओळीइतकीच सुबक दिसते. तिच्याकडे बघून कोणी हसत नाही. भाषेत चुकताना समोर माणूस असतो, गणितात कागद. या दोन परिस्थितींत शिकणं एकच कसं असेल?

हौशी : मग आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या गणित शिकलं गेलं ते कसं? पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. साडेतीनचा पाढा तोंडपाठ असलेली माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. अपूर्णांकाची व्याख्या विचारली असती तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं; पण पावणेदोन रुपये शेराने साडेसात शेराचे किती, हे ती पाटीला हात न लावता सांगत. ते गणित त्यांच्या जिभेवर होतं, भाषा असते तसं. आणि वरच्या पातळीवर जायचं तर भास्कराचार्यांची 'लीलावती' घ्या, ११५० सालची. सगळी पद्यात. सूत्र पद्यात, उदाहरणही पद्यात. आधी पाठ करा, सोडवा, घोळवा. चाळीसगावजवळ पाटण्याला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ चालवला, त्याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आजही आहे. तिथेही घोकंपट्टीनेच सुरुवात होत असणार. 'लीलावती'तल्या रीतींच्या उपपत्ती नीट मांडणारी 'बुद्धिविलासिनी' ही टीका कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी लिहिली ती १५४५ मध्ये. मधे चारशे वर्षं गेली. तोवर लोक गणित करत नव्हते की काय?

शंकेखोर : हा युक्तिवाद देखणा आहे, पण त्यात एक भोक आहे. भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'वर स्वतःच भाष्य लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'वासनाभाष्य'. वासना म्हणजे तिथे उपपत्तीच. गोलाध्यायात तर ते बजावतात की उपपत्ती न जाणणाऱ्या गणकाला जाणत्यांच्या सभेत मान मिळत नाही. पद्य हा पाठ लक्षात ठेवायचा मार्ग होता. का, कसं, ते गुरू समोर बसून सांगत असणार. जे तोंडी सांगितलं जातं ते ग्रंथात उतरायला शतकं लागतात, एवढंच तुमची चारशे वर्षं सिद्ध करतात. ग्रंथात नाही म्हणून वर्गातही नव्हतं, असं तुम्ही कशावरून धरलंत?

आणि औटकीवाल्यांबद्दल मला आदर आहे. पण ती कला बाजाराच्या हद्दीत फिरायची. रुपये-आणे-पै जाऊन दशमान नाणी आली, १९५७ साली, आणि बघता बघता औटकी घरातून नाहीशी झाली. ती माणसं नव्या पद्धतीला आपली जुनी रीत लावून बघत बसली नाहीत, कारण रीत का चालते हे हाती नव्हतं. हाती फक्त रीत होती. सवयीने आलेली गोष्ट चाकोरी बदलली की गळून पडते.

हौशी : मग तुम्ही २०१९ मध्ये त्या 'साठ तीन'वाल्यांच्या बाजूने असणार!

शंकेखोर : होते. आजही आहे.

हौशी : आणि मी विरुद्ध होतो, आजही आहे. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टला 'साठ तीन' असं वाचायची पद्धत आणली तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. आता 'छत्तीसचा आकडा'चं काय करायचं? भांडणाऱ्या दोन भावांमध्ये 'तीस सहाचा आकडा' आहे म्हणायचं? 'एकोणसाठ', 'सत्तेचाळीस', 'त्र्याण्णव' हे शब्द शेकडो वर्षं घासून गुळगुळीत झालेत. लेकराला जड जातात म्हणून ते बाजूला सारायचे असतील, तर उद्या 'आंबा खाल्ला, चिंच खाल्ली' हेही जड जातं म्हणून काढून टाका. आणि जर्मन लोक काय करतात? तेही एकवीसला 'एक आणि वीस' म्हणतात, आपल्यासारखं एकक आधी. त्यांचं गणित कुठे अडलं? गाउस त्याच भाषेत मोजायला शिकला.

शंकेखोर : गाउसचा दाखला देऊन माझ्या दुसरीतल्या पोरांचा निकाल लावू नका. गाउस कुठल्याही भाषेत मोजायला शिकला असता. प्रश्न वर्गातल्या बाकीच्या चाळीस जणांचा आहे. माझ्यासमोर काय घडत होतं ते सांगते. मी 'सत्तेचाळीस' म्हणायची, पोर आधी 'सत्ते' ऐकायचं, हात सातावर जायचा, आणि वहीत ७४. मी 'एकोणसत्तर' म्हणायची, त्याच्या कानात 'सत्तर' घुमायचं, वहीत ७९. ही पोरं ढ नव्हती. मी बोलत होते ती संख्या आणि लिहायची ती संख्या उलट्या बाजूंनी येत होत्या, एवढंच. चिनी भाषेत एकवीस म्हणजे 'दोन दहा एक', लिहितात तसंच बोलतात. चिनी आणि अमेरिकी मुलांची मोजणी ताडून पाहिली गेली आहे. दहापर्यंत दोघं बरोबरीने जातात, आणि अकरापासून पुढे, जिथे इंग्रजीची नावं वाकडी होतात, तिथे अमेरिकी मुलं मागे पडतात. मराठीत अकरापासून नव्याण्णवपर्यंत सगळाच रस्ता वाकडा. आपल्या पोरांना शंभर नावं जवळपास सुटी सुटी पाठ करावी लागतात.

त्या वेळी विषयसमितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. स्वतः गणिती, आणि 'गणितगप्पा'सारखी पुस्तकं लिहून मुलांशी मराठीतच बोलणाऱ्या. त्यांना मराठीचं प्रेम नव्हतं असं म्हणायची ज्याची छाती असेल त्याने म्हणावं. जुने शब्द त्यांनी बंद केले नव्हते. नव्या रीतीने वाचायची एक वाट उघडली होती. विनोद झाले, फार झाले. पण ७४ लिहिणाऱ्या पोराचं काय करायचं, याचं उत्तर विनोद करणाऱ्यांपैकी कोणी दिल्याचं मला आठवत नाही. आता तुमच्या सिद्धान्ताचं बघा. तुम्ही म्हणता गणित भाषेसारखं शिकावं. इथे भाषाच गणिताच्या पायात आली होती.

हौशी : पायात येते हे मान्य. पण हात धरून नेणारीही तीच असते, ते का सोडता? मायकेल फॅरडे बघा. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला, बीजगणिताच्या नावाने शून्य. विजेवरचं त्याचं सगळं संशोधन साध्या इंग्रजी गद्यात आहे, समीकरणं नाहीतच. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस पसरला की जे वळसे दिसतात त्यांना तो बलरेषा म्हणाला आणि त्या शब्दाच्या आधाराने विचार करत गेला. मॅक्सवेलने तो विषय हाती घेतला तेव्हा ठरवून टाकलं की फॅरडेचं लिखाण वाचून होईपर्यंत या विषयावरचं गणित वाचायचंच नाही. १८५७ मध्ये फॅरडेने त्याला पत्र लिहिलं. फॅरडे सहासष्ट वर्षांचा, मॅक्सवेल सव्वीसचा. म्हाताऱ्याचा प्रश्न असा, की गणितज्ञ आपल्या निष्कर्षांना पोचल्यावर ते आम्हा प्रयोग करणाऱ्यांसाठी साध्या भाषेत तितक्याच नेमकेपणाने सांगू शकणार नाहीत का? त्यांची ती चित्रलिपी उलगडून दाखवणार नाहीत का? मला हे पत्र फार जवळचं वाटतं. आणि मॅक्सवेलचं मतही लक्षात घ्या: फॅरडेची विचार करायची पद्धतही गणितीच होती, फक्त नेहमीच्या चिन्हांत मांडलेली नव्हती. याहून माझ्या बाजूची साक्ष कोणती?

शंकेखोर : साक्षीदाराला उलटतपासणीला उभा करते. फॅरडेच्या रेषांतून एक आकडा कधीच निघाला नसता. मॅक्सवेलने समीकरणं मांडली, त्यांत विजेची आणि चुंबकत्वाची प्रयोगशाळेत मोजलेली राशी घातली, आणि लहरींचा वेग बाहेर पडला सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. तोच प्रकाशाचा वेग. प्रकाश हा विद्युतचुंबकीय असतो हे तिथे कळलं.

हौशी : प्रकाश म्हणजे बलरेषांचं कंपन असावं, हे फॅरडे १८४६ मध्येच बोलून गेला होता.

शंकेखोर : बोलून गेला होता, बरोबर. असं बोलून जाणारे पुष्कळ असतात, आणि त्यातला खरा कोण ठरला ते आकड्याने सांगितलं. भाषा अंदाजापर्यंत नेते, तिथून पुढे नेत नाही. आणि भौतिकशास्त्रात तर ती बऱ्याचदा चुकीच्या दिशेने नेते. हातातली किल्ली सरळ वर फेका. ती वर जाते, क्षणभर थांबते, खाली येते. अगदी वरच्या बिंदूला तिचा वेग शून्य. त्वरण किती? न्यूटनचे तिन्ही नियम धडाधडा म्हणणारी, गतीची समीकरणं डोळे मिटून सोडवणारी मुलं इथे 'शून्य' म्हणतात. थांबली आहे ना, मग शून्यच. अहो, त्या क्षणी त्वरण शून्य असतं तर वेग बदललाच नसता आणि किल्ली तिथेच लटकून राहिली असती. ते ९.८ आहे, खालच्या दिशेने, फेकल्यापासून झेलेपर्यंत एकसारखं. वर जाताना किल्लीवर कोणतं बल आहे असं विचारलं तर पोरं सांगतात, हाताने दिलेलं. हात केव्हाच मागे राहिलाय! पण मराठी काय सांगते? 'जोर दिला', 'जोर संपला', 'जोर ओसरला'. जोर वस्तूत भरला जातो आणि सांडत जातो, असंच आपण जन्मभर बोलत आलो. म्हणजे मूल शाळेत येतं ते एक पक्कं भौतिकशास्त्र घेऊन येतं, आणि ते चुकीचं असतं.

जर्मन शिकताना तुमच्या डोक्यात आधीपासून चुकीची जर्मन नव्हती. पाटी कोरी होती. गणितातही फारसं काही आधी नसतं. भौतिकशास्त्रात पाटी भरलेली असते, तीही पुसता न येणाऱ्या शाईने. १९९२ साली हेस्टेनिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बलाच्या संकल्पनेवरची एक प्रश्नावली छापली. आकडेमोड अजिबात नाही, रोजच्या भाषेतले साधे प्रश्न. चांगले गुण मिळवणारी कॉलेजची मुलं त्यात धडाधड पडली. हार्वर्डच्या एरिक माझुरने आपल्या वर्गाला तसलाच पेपर दिला, तेव्हा एका मुलीने विचारलं, उत्तरं कशी लिहू? तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे, की मी एरवी विचार करते त्याप्रमाणे? हा प्रश्न मला माझ्या वर्गात कोणी विचारला नाही. विचारायला हवा होता. तुमच्या 'घोकत राहा, अर्थ येईल' या रीतीने ती मुलगी तयार होते. दोन भाषा, दोन्ही अस्खलित, आणि दोघींची गाठभेट नाही.

हौशी : थांबा, माझुरची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. पुढे त्याने काय केलं? कारणं जास्त समजावून सांगायला घेतली का? नाही. व्याख्यान मधेच थांबवायचं, किल्लीसारखा एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपलं उत्तर द्यायचं, आणि मग शेजारच्याशी भांडायचं. 'शून्य' म्हणणाऱ्याने 'नऊ पूर्णांक आठ' म्हणणाऱ्याला पटवायचं, नाहीतर पटवून घ्यायचं. पुन्हा उत्तर द्यायचं. दुसऱ्या फेरीत बरोबर उत्तरं वाढतात असं त्याला दिसलं. प्राध्यापकाने दहादा सांगून जे होत नव्हतं ते शेजारी बसलेल्या पोराने दोन मिनिटांत केलं, कारण त्याला ती अडचण परवाच आली होती. हे भाषा शिकणंच झालं की! माणूस समोर, तोंडी व्यवहार, चूक लगेच उलटून अंगावर येते. तुम्ही म्हणालात गणितात समोर कागद असतो. मग दोष गणिताचा नाही, तुमच्या बाकांच्या मांडणीचा आहे. समोर माणूस बसवा.

शंकेखोर : बाकांचं मान्य. माझ्या वर्गात बोलणाऱ्याला मी बाहेर काढायची, ते सोडून देऊ. पण दोन पोरं भांडतात तेव्हा त्यातला बरोबर कोण, हे भांडणाने ठरत नाही. ज्याचा आवाज मोठा तोही जिंकू शकतो. माझुरच्या वर्गात उत्तर आधीच ठरलेलं आहे, किल्लीने ठरवलेलं. 'केलं' बरोबर आणि 'करलं' चूक, हे मात्र माणसांनीच ठरवलंय. उद्या सगळा महाराष्ट्र 'करलं' म्हणायला लागला तर तेच शुद्ध, आणि व्याकरणकार नवी आवृत्ती काढतील. किल्ली मतदानाला बसत नाही. आणि गणितात तर माणूसही नाही, किल्लीही नाही.

हे हवेतलं वाटत असेल तर मूळ संख्या घ्या. अमुक संख्येपर्यंत मूळ संख्या किती, याचा अंदाज देणारं एक सूत्र गाउसच्या काळापासून माहीत आहे. ताडून बघितलं तर प्रत्येक वेळी सूत्र खऱ्या आकड्यापेक्षा किंचित जास्त सांगतं. लाखापर्यंत बघा, कोटीपर्यंत बघा, संगणक जिथवर पोचला तिथवर बघा, दर वेळी जास्तच. तुमचा कान काय म्हणेल? इतक्या वेळा ऐकलं, हाच नियम. १९१४ साली लिटलवुडने सिद्ध केलं की सूत्र कधी जास्त सांगतं तर कधी कमी, आणि ही उलटापालट अनंत वेळा होते. पहिली उलटापालट कुठे, ते नेमकं आजही माहीत नाही. तीनशेहून जास्त अंकी संख्यांच्या आसपास ती होते एवढं दाखवता आलंय. कोणाच्याही सवयीत ती संख्या कधी येणार नाही. तिथपर्यंत पोचतो तो फक्त तर्क.

आणि याच जागी रामानुजनही घसरला. १९१३च्या जानेवारीत हार्डीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याने दावा केला की मूळ संख्यांची संख्या जवळपास तंतोतंत देणारं सूत्र मला सापडलंय. ते चूक होतं. आपल्या देशातला सगळ्यात तयार कान, आणि तोही फसला. केंब्रिजमध्ये हार्डी आणि लिटलवुड होते म्हणून कळलं तरी.

हौशी : तुम्ही रामानुजनची एक चूक धरलीत, मी उरलेल्या वह्या धरतो. कॉलेजच्या उंबरठ्यावरच्या वयात त्याच्या हाती कार नावाच्या शिकवणीवाल्याचं पुस्तक पडलं. हजारो निष्कर्ष ओळीने मांडलेले, सिद्धता जवळजवळ नाहीतच, असली तर त्रोटक सूचना. तुमच्या मते हे पोराच्या हाती देण्यातलं सगळ्यात वाईट पुस्तक. त्याने ते स्वतः सोडवत, पुढे नेत, पाटीवर खरडत आपला कान तयार केला. त्याच्या वह्यांतले निष्कर्ष सिद्ध करत बसायला पुढच्यांची आयुष्यं गेली. ब्रूस बर्न्टने त्यावर पाच खंड काढले, आणि निघालं काय, की बहुतेक सगळं बरोबर. आता सांगा, सिद्धता आधी हवी असा हट्ट असता तर सिद्ध करायला त्या वह्यांत काय उरलं असतं? कान शोधतो, तर्क तपासतो. शोधणाराच घरी नसेल तर तपासनीस काय तपासणार?

शंकेखोर : रामानुजन रामानुजन होता. गाउसला बाहेर काढलं तर तुम्ही याला आत आणलंत. आपण सातवीच्या वर्गात येऊ. ऋण संख्या. धन आणि ऋण यांचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये लिहिले, आणि धन म्हणजे पैसा, ऋण म्हणजे कर्ज ही भाषा बेरजेला फार छान चालते. तीन रुपयांचं कर्ज होतं, आणखी दोन काढलं, एकूण पाचचं कर्ज. गुणाकाराला मात्र तिची दातखीळ बसते. कर्जाला कर्जाने गुणलं की संपत्ती होते, असा सावकार मला कोणी दाखवावा. म्हणून शाळेत मंत्र देतात: वजा वजा अधिक. पोरं पाठ करतात, भराभर उत्तरं काढतात, सगळे खूश. आणि पुढच्या आठवड्यात 'वजा तीन वजा दोन' विचारलं की निम्मा वर्ग लिहितो, अधिक पाच. दोनदा वजा दिसलं ना!

हौशी : बाई, हे तर 'करलं' झालं.

शंकेखोर : काय?

हौशी : तुमचंच उदाहरण. 'धरलं'वरून 'करलं'. गुणाकारातला नियम पोराने बेरजेला लावला. तर्क चोख, जागा चुकली. म्हणजे शिकण्याचं यंत्र दोन्हीकडे एकच आहे, हे तुम्हीच दाखवलंत. फरक एवढाच की घरात 'केलं' दिवसातून शंभरदा कानावर पडतं आणि 'करलं' आपोआप गळून जातं, कोणी दुरुस्त करो वा न करो. 'वजा तीन वजा दोन म्हणजे वजा पाच' हे त्या पोराच्या कानावर किती वेळा पडतं? एका धड्यात आठ-दहा उदाहरणं, आणि मग चाचणी. उपाय सिद्धतेचा नसेल, भरपूर ऐकण्याचा असेल.

शंकेखोर : भरपूर ऐकून ते वजा पाच लिहायला लागेल, हे मी नाकारत नाही. पण वजा गुणिले वजा अधिकच का, हे कशाने कळणार? ते तीन ओळींचं काम आहे. वजा एकला शून्याने गुणलं तर शून्य. तेच शून्य 'एक अधिक वजा एक' असं लिहा आणि कंस सोडवा. पहिलं पद वजा एक. दोन्ही मिळून शून्य व्हायचं तर दुसरं पद, म्हणजे वजा एक गुणिले वजा एक, अधिक एकच असावं लागतं. दुसरं काही चालतच नाही. सावकार नको, मंत्र नको. फळ्यावर हे लिहिलं की दोन-तीन चेहरे बदलतात. मी त्या चेहऱ्यांसाठी नोकरी केली.

हौशी : आणि बाकीचे?

शंकेखोर : बाकीचे 'कळलं' म्हणतात.

हौशी : आणि ज्यांचे चेहरे बदलले ते दुसऱ्या दिवशी चुकत नाहीत?

शंकेखोर : चुकतात. तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवणार हे मला माहीत होतं. सिद्धता ज्याला मनापासून पटली ते पोर दुसऱ्या दिवशी अधिक पाच लिहून मोकळं होतं, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी, जिला त्या तीन ओळींशी काही देणंघेणं नाही, ती वर्षभर एकही चिन्ह चुकवत नाही. गुण तिला जास्त. दोघांपैकी ऋण संख्या कोणाला आल्या, हे मला ठरवता आलेलं नाही. पुढे बीजगणितात, जिथे आकडा जाऊन अक्षर येतं, तिथे पहिल्याला फायदा होतो असं मला वाटत आलंय. पण सरसकट तसं होतं का, हे छातीठोकपणे सांगण्याइतकी पोरं पुढे कुठवर गेली ते मी पाहिलेलं नाही.

हौशी : मग माझ्यासारख्याने काय करायचं? मला वर्ग नाही, शेजारचा बाक नाही. जर्मनला निदान समोर बोलणारी माणसं आहेत. कलनाचं उदाहरण सोडवून झालं की पुस्तकाच्या मागे उत्तर बघतो, जुळलं की पान उलटतो. उत्तर नसलेल्या उदाहरणांपाशी माझी पंचाईत होते. तरी हल्ली एक गोष्ट होते. लिहून झालेल्या ओळींवरून नजर फिरवताना एखाद्या ओळीपाशी डोळा अडतो. काहीतरी खटकतं. मग शोधायला लागलं की बऱ्याचदा चिन्ह गेलेलं सापडतं. जर्मनमध्येही तसंच होतं, वाक्य तोंडातून निसटलं की कान टोचतो, कारण नंतर आठवतं. हा डोळा अडतो तो सवयीने की तर्काने? मला आतून ते दिसत नाही. तुम्ही हजारो पेपर तपासलेत, तुम्हाला दिसत असेल.

शंकेखोर : खरं सांगायचं तर लाल पेन आधी थांबायचं. का थांबलं ते मी मागून शोधायची. रात्री अकराला, गठ्ठ्यातल्या साठाव्या पेपराला, कोणी तर्क करत बसत नाही.

हौशी : मग तुमचाही कानच की!

शंकेखोर : असेल. पण पेन थांबलं आणि कारण सापडलं नाही, तर मी गुण कापत नसे.

हौशी : आणि चूक असूनही ज्या ओळीवर पेन थांबलंच नाही?

शंकेखोर : त्या गुण घेऊन गेल्या.